पहिल्या बाजूच्या पाठीवर

फौजदारबाई तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आतून टक्... टक्... टक्... असा आवाज येत होता.

जखमी म्हाताऱ्याला नुकतंच रुग्णवाहिकेने नेलं होतं. कपाटाच्या कोपऱ्याला रक्त लागलं होतं. खिडकीपाशी रेकॉर्ड प्लेअर. त्यावरची रेकॉर्ड कधीच संपलेली, पण फिरतच होती, आणि सुई शेवटच्या खाचेत दर फेऱ्याला टकटक करत होती. अर्धी इमारत येऊन हळहळून गेली, पण सुई उचलायचं एकालाही सुचलं नव्हतं.

बाईंनी रुमाल धरून सुई उचलली. तेव्हा कुठे त्या खोलीत धड विचार करता यायला लागला.

हवालदाराने हातमोजे चढवून रेकॉर्ड कडेने उचलली. "बाई, हे बघा. वरच्या अंगाला छापलंय बाजू एक. आणि पाठीवर बाजू आठ! छापणाऱ्याने घोळ घातलाय."

"घोळ नाही." दारात एक मुलगी उभी होती. रडून रडून आवाज बसलेला. "त्या सेटमध्ये तसंच आहे. एकीच्या मागे आठ, दोनच्या मागे सात. एक बाजू संपली की मामा उठतात, दुसरी रेकॉर्ड काढतात. मी म्हणते, म्हातारपणी ही उठबस कशाला? तर म्हणतात, संगीतासाठी उठलं तर पाय झिजत नाहीत..." 

ही भाची. आईबापांमागे मामानेच वाढवलेली. मामाला सगळी इमारत रेकॉर्डमामा म्हणायची. चारही भिंतींना छतापर्यंत जॅझचे बॉक्स सेट. कंपन्यांनी मोजकेच काढलेले, पाठीवर हाताने नंबर घातलेले. त्यात एकाच ठिकाणी दात पडावा तशी फट होती.

"तिथे काय होतं?"

"हाच सेट. चार रेकॉर्डी. जगात चारशेच निघाले. हे खोकं कधी घराबाहेर गेलं नाही."

"आज गेलंय. तुम्ही आलात तेव्हा?"

"दार नुसतं लोटलेलं होतं. मामा असे पडलेले. मी ओरडत खाली धावले."

"सकाळी भांडण झालं होतं?"

भाचीने मान खाली घातली. "मला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. घर मिळालंय दोन खोल्यांचं. मामांना म्हटलं, चला. ते म्हणाले, खोकी कुठे ठेवू? मग माझा तोल गेला. म्हटलं, या घरात एक तर ही खोकी राहतील, नाहीतर मी."

बाईंच्या खिशातला फोन वाजला. मोठे साहेब होते.

"भांडण झालंय, घरात दुसरं कोणी नाही, महागाची वस्तू गायब. आणखी काय हवंय तुम्हाला? संध्याकाळपर्यंत मुलीला आत घ्या. म्हातारा गेला तर खुनाचं कलम लावू."

"बघते, साहेब."

"बघू नका. करा."

भाचीला पलीकडचं बोलणं ऐकू गेलं होतं.  ती भिंतीला टेकून खाली बसली. बाईंना आपल्या साहेबांचा असा राग आला की सांगता सोय नाही. पण पुरावा सगळा मुलीच्या विरुद्ध होता, हेही खरंच.

खालच्या मजल्यावरच्या आजी दारात खुर्ची टाकून विणत बसायच्या. कानाने अधू, डोळ्यांनी तेज.

"भांडण ऐकलंत?"

"मला बहिरीला ऐकू आलं, म्हणजे बघा!"

"दुपारी वर कोण गेलं?"

"तो जुन्या रेकॉर्डींचा दुकानदार."

"खाली कधी आला?"

"आलेला दिसला नाही बाई. मग ही पोर बोंबलत आली, मी फोन करायला आत गेले."

"मध्ये डोळा लागला असेल?"

"असेलही. या वयात डोळा विचारून लागतो का?"

बाई वर येतात तोच एक गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले. डोळ्यांचे डॉक्टर. मामांचे जुने मित्र, आणि संग्रहातले जुने वैरी. आत शिरताच ते आधी फटीकडे धावले.

"सेट कुठाय?"

"मित्र कसा आहे ते विचारलं नाहीत," बाई म्हणाल्या.

डॉक्टर ओशाळले. "इस्पितळातूनच येतोय. बेशुद्ध आहे. रात्र काढली तर काढली म्हणायची."

"तुम्हाला हा सेट हवा होता?"

"वीस वर्षं मागे लागलो होतो. आता नकोय. गेल्या महिन्यात दुकानदाराने मला तसाच मिळवून दिला. सीलबंद! कुणाचा हात न लागलेला."

"कसा वाजतो?"

"वाजवतंय कोण?" डॉक्टर दचकलेच. "प्लास्टिक फाडलं की मातीमोल. आमच्यातलं कुणीच फाडत नाही. हा एक सोडून. हा म्हणायचा, वाजवायची नाही तर रेकॉर्ड आणली कशाला, ताट म्हणून? कालच फोनवर भांडला. तुझा सेट उघड म्हणाला. मी म्हटलं, तुला वेड लागलंय."

"उघड का म्हणाले?"

"मी ऐकून कुठे घेतलं? फोन आपटला." डॉक्टरांचा चेहरा पडला. "शेवटचं बोलणं तेच झालं."

दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. चकचकीत काचा, आत दिव्यांखाली सीलबंद खोकी मांडलेली. कोपऱ्यात एका छोट्या यंत्रावर सीडी वाजत होती. दुकानदार हसतमुख, पण कपाळाला घाम.

"फार वाईट झालं, बाई. बाहेरची कामं उरकून आताच दुकानात आलो आणि बातमी कळली."

"तुम्ही दुपारी तिकडे होतात."

"होतो की. लपवायचं काय त्यात? त्यांनीच बोलावलं. तोच सेट लावला. पहिली बाजू ऐकली. मग त्यांनी उठून रेकॉर्ड पालटली, दुसरी बाजू ऐकली."

"त्यांनी स्वतः पालटली?"

"या डोळ्यांनी पाहिलं. दुसरी बाजू नुसत्या पियानोने सुरू होते. मग ड्रमवर हलकेच ब्रश फिरतो... अहाहा! डोळे मिटून ऐकत होते. ती संपल्यावर मला दारापर्यंत सोडायला आले. अगदी ठणठणीत."

"आम्हाला पहिली बाजू वर दिसली."

दुकानदाराने कपाळ पुसलं. "मी गेल्यावर पुन्हा लावली असेल. त्यांची लाडकी होती."

"आजींनी तुम्हाला उतरताना पाहिलं नाही."

"आजी? त्या विणता विणता घोरतात, बाई."

उत्तरं तयार होती. बाईंनी सीडीच्या यंत्राकडे बोट केलं. "हेच संगीत ना?"

"हेच. मागाहून सीडी निघाली त्याची. मला तर क्रमासकट पाठ आहे."

"छान," बाई म्हणाल्या. हवालदाराला बाजूला घेऊन त्यांनी कानात काही सांगितलं, आणि गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या स्टुलावर ठिय्या मारला. दुकानदार फडकं घेऊन तीच काच तीनतीनदा पुसायला लागला.

काळोख पडायच्या आत हवालदार भाचीला आणि डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी आपला सीलबंद सेट तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता.

"उघडा," बाई म्हणाल्या आणि ब्लेड पुढे केलं.

"अहो, काहीतरीच काय!"

"डॉक्टर, काल मित्राने हेच मागितलं होतं. आज तो मरणाच्या दारात आहे, आणि ही मुलगी तुरुंगाच्या. तुमच्या हाताने उघडा."

"असं कसं?" दुकानदार मधे पडला. "वस्तूची किंमत जाईल! मी उघडू देणार नाही!"

"वस्तू त्यांची आहे. तुमचा जीव का खालीवर होतोय?"

शेकडो डोळ्यांवर शस्त्रक्रिया केलेल्या त्या हातांनी ब्लेड घेतलं. प्लास्टिक फाटलं. डॉक्टरांनी पहिली रेकॉर्ड बाहेर काढली, एक अंग पाहिलं, दुसरं पाहिलं.

"बाजू एक," ते म्हणाले. "आणि... बाजू दोन."

"पण मागे आठ हवी!" भाची ओरडली.

"हवीच," बाई म्हणाल्या. "हवालदार, दार लावा."

दुकानदाराच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"तुमची भांबावलेली तोंडं दिसतायत, तेव्हा सांगते," बाई डॉक्टरांकडे वळल्या. "एकीच्या मागे आठ कशासाठी, ते मला उमगत नव्हतं. मग माझ्या काकांकडचं जुनं यंत्र आठवलं. त्यात रेकॉर्डींची चळत लावायची. एक संपली की तिच्यावर दुसरी आपोआप पडायची. एक, दोन, तीन, चार. मग अख्खी चळत पालथी घातली की पाच, सहा, सात, आठ. म्हणून पहिल्या बाजूच्या पाठीवर आठवी. मामांचा सेट त्या काळातला, म्हणजे अस्सल. आणि या दुकानदारांनी कारखान्यात गुपचूप नवे सेट छापून घेतले, ते सीडीवरच्या क्रमाने. एकामागे दोन. अस्सल सेट आतून कसा असतो ते यांनी बघितलंच नव्हतं. बघायची गरजही नव्हती. कारण गिऱ्हाइकं कोण? प्लास्टिक न फाडणारी!"

डॉक्टरांनी खाली पाहिलं.

"कुणाकडचा तरी सील फुटलेला नकली सेट मामांच्या नजरेला पडला असेल. त्यांनी आधी तुम्हाला सांगून पाहिलं, मग यांना बोलावलं. पण मामांची सवय, बोलण्याआधी ऐकवायचं. पहिली बाजू लावली. मग नकली हा शब्द काढला असेल. पालटून पाठ दाखवणार, त्याआधीच अस्सल सेट गायब करायला हे धावले आणि झटापट झाली. रेकॉर्ड पालटलीच नाही. पालटली असती तर यांनी आठवी बाजू ऐकली असती. दुसऱ्या बाजूचा पियानो त्या खोलीत वाजायला मामांना दुसरी रेकॉर्ड काढावी लागली असती. यांनी सीडीवरचं पाठांतर मला म्हणून दाखवलं."

"खोटं आहे हे! मी भाची यायच्या आधीच निघालो होतो!"

"तिची चाहूल लागली म्हणून तर फिरती रेकॉर्ड तिथेच सोडलीत. दाराआड उभे राहिलात. ती खाली धावली, आजी फोनला गेल्या, आणि तुम्ही खोकं घेऊन उतरलात. 'आताच दुकानात आलो' म्हणालात. म्हणजे खोकं उघडून बघायलाही सवड झाली नाही. बघितलं असतंत, तर जबानी बदलली असतीत."

मागच्या खोलीतून हवालदार आला. बबल रॅपच्या गुंडाळीमागे लपवलेलं जुनं खोकं त्याच्या हातात होतं. आत तीनच रेकॉर्डी. सगळ्यात वरच्या रेकॉर्डच्या एका अंगाला दोन, पाठीवर सात.

"मी ढकललं नाही," दुकानदार मटकन खाली बसला. "मी नुसतं खोकं ओढलं. ते सोडेनात. म्हातारा एवढा चिवट... मग एकदम सुटलं."

भाची त्याच्यावर धावून गेली. बाईंनी तिला कवेत धरलं तेव्हा कुठे ती मोकळेपणी रडली.

मामांनी ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले तेव्हा उशाशी भाची होती, पायाशी डॉक्टर, आणि दारात फौजदारबाई.

"रेकॉर्ड..." मामा पुटपुटले. "फिरतेय का अजून? सुई झिजेल."

"बाईंनी उचलली, मामा."

मामांनी दाराकडे पाहिलं. "हलक्या हाताने?"

"रुमाल धरून," बाई म्हणाल्या.

मामांचं समाधान झालं. मग डॉक्टरांना म्हणाले, "माझी खोकी तू घे. पण एका अटीवर. वाजवायची."

"वाजवीन रे," डॉक्टर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

"मामा, आता बोलू नका. आणि मी काल सकाळी जे म्हटलं ना..."

"बरोबर म्हणालीस. तुझ्या दोन खोल्यांत मी मावेन. हा एक सेट आणि प्लेअर तेवढा बरोबर घेऊ." मामांनी तिचा हात चाचपला. "त्रास आहे बरं का. दर बाजूला उठावं लागतं."

"तुम्ही पडून राहा," भाची म्हणाली. "मी उठेन."