अप्पांचा बंद सर्व्हर

विश्वास ठेवा नाहीतर सोडा, पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत खरंच घडलंय. मामा थापा मारण्यात इतका कच्चा की मामी त्याला दोन मिनिटांत पकडते.

आयुष्यात त्याची एकच थाप पचली.

तिचीच ही गोष्ट.

गेल्या वर्षीचा एक रविवार. दुपारचे तीन. भुतंबितं यायची वेळच नव्हे! टेबलांवर लख्ख ऊन, आणि अख्ख्या ऑफिसात मामा एकटा.

तो तिथले कॉम्प्युटर सांभाळायचा. त्या दिवशी जुना डोमेन कंट्रोलर जाऊन नवा येणार होता. घाबरू नका, सोपं आहे. हा सर्व्हर म्हणजे दरवान. तुम्ही पासवर्ड टाकला की तुमचा कॉम्प्युटर त्याला विचारतो, "हा आपलाच ना?" तो हो म्हणाला तरच आत.

जुना सर्व्हर मामाने सकाळीच बंद केला होता. वायर काढून, गुंडाळून फळीवर ठेवली होती. आता चाळीस कॉम्प्युटरना नव्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा. पत्ता म्हणजे नुसते आकडे; जुना दहावर संपायचा, नवा वीसवर.

हे खरं तर एका जागी बसून झालं असतं. पण आधीचे सिस्टिमवाले अप्पा पक्के हट्टी. त्यांनी प्रत्येक कॉम्प्युटरवर पत्ता हाताने टाकला होता. एकेक झाला की पेन टेबलावर वाजवायचे.

टक टक.

अप्पा आता नव्हते. मामाच्या हातून एकदा तीन वर्षांच्या फायली पुसल्या गेल्या, आणि साहेबांनी विचारल्यावर त्याने सरळ अप्पांचं नाव घेतलं. अप्पांची नोकरी गेली. दोन महिन्यांत अप्पाही गेले.

निघताना ते मामाला एवढंच म्हणाले होते, "माझा सर्व्हर सगळं लिहून ठेवतो रे. कोणी काय पुसलं, तेसुद्धा."

म्हणून त्या सकाळी बंद करण्याआधीच मामाने जुन्या सर्व्हरची डिस्क कोरी केली होती. सोमवारी तो भंगारात गेला की सुटलो, असा हिशोब.

बाराव्या कॉम्प्युटरवर वीस टाकून तो उठला, आणि मागे…

टक टक.

त्याने खाली वॉचमनला फोन लावला. "दादा, वर आलायत का?"

"मी कशाला येऊ? तुमच्याशिवाय वर काळं कुत्रं नाही. का हो, भूत दिसलं का?"

"गप बसा हो!"

मामाने मन घट्ट करून चाळीसही संपवले. मग खात्री करायला पहिल्याकडे परत आला.

पत्ता… दहा.

दुसरा. दहा.

तिसरा, चौथा, दहावा… सगळे दहा!

बंद सर्व्हर उत्तर देऊच शकत नाही. मामाने तरी कॉम्प्युटरवरून दहाच्या पत्त्याला हाक पाठवली.

उत्तर आलं.

तो सर्व्हरच्या खोलीकडे धावला. वायर फळीवर तशीच गुंडाळलेली. पंखा गप्प. त्याने पेटीवर हात ठेवला. गार लागायला हवी होती…

कोमट होती. माणसाच्या कपाळासारखी.

बाहेर प्रिंटर सुरू झाला.

एक कागद. त्यावर एकच ओळ. फायली पुसल्याची तारीख, वेळ, आणि मामाचं नाव. मग दुसरा कागद. मग तिसरा. असे चाळीस. मामाने चाळीसही कागद टराटरा फाडले, खिशात कोंबले आणि घरी पळाला. मामीला म्हणाला, "डोकं दुखतंय." मामीने एकदा पाहिलं फक्त.

सोमवारी सकाळी चाळीस जणांनी पासवर्ड टाकले. सगळे आत गेले. पण आधी प्रत्येकाच्या पडद्यावर तीच ओळ उमटली. साहेबांच्याही.

मामाने स्वतःचा पासवर्ड टाकला.

"या नावाचं इथे कोणी नाही."

नंतर बाहेरच्या तज्ज्ञाने जुना सर्व्हर उघडून पाहिला. डिस्क कोरी करकरीत.

मामाची नोकरी गेली. अप्पांच्या बायकोकडे जाऊन त्याने सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता संपलं.

परवा तो आमच्याकडे आला. नवा फोन, म्हणून मीच वायफाय जोडून दिलं. जोडलं गेलं, आणि सहज त्यातला सर्व्हरचा पत्ता बघितला.

शेवटी दहा. तोच, अप्पांच्या सर्व्हरचा. आमच्या घरात असा पत्ताच नाही.

मी काही बोलणार, तेवढ्यात जेवणाच्या टेबलावर…

टक टक.

मामाने माझ्याकडे पाहिलं.

मी दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले.