भागूबाईचा कोट

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या स्मरणिकेत महिला बँडला एक ओळ मिळाली होती: 'भगिनींनीही सहभाग नोंदवला.' नऊ बायका सहा वर्षं जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं ढोल-बिगूल वाजवत चालल्या, आणि हा म्हणे सहभाग!

एवढं कमी म्हणून मंडळाचे अध्यक्ष राजकुमार भाऊजी बजाजनगरला आमच्या घरी येऊन म्हणाले, "वहिनी, बँडचे ते निळे कोट काढून ठेवा. चार दिवसांनी नेतो. पोरं घालतील, लई झाक दिसंल."

"आणि बायका?"

"राहतील की मागं."

 माझ्या मांडीवर चार महिन्यांची मेघा होती. महिन्याभरापूर्वी माझं दूध आटलं होतं आणि आठ दिवस ती वरचं दूधही थुंकत होती. दवाखान्यातला काटा दर खेपेला खालीच.

सासूबाई त्या बँडमधल्या उरलेल्या एकट्या. त्यांच्या खाटेखालच्या ट्रंकेतून मी कोट काढले. प्रत्येक कोटाला डाव्या छातीवर, बटणपट्टीच्या आड, उभी फट होती. आत हुक.

"पाजायला," सासूबाई म्हणाल्या. "टेलर हसला, शिवंना. मग आम्हीच शिवली. एकीनं पाजायचं, दुसरीनं तिचा ढोल धरायचा."

"हा एकच ओला कसा?"

त्यांनी हात लावला आणि लगेच मागं घेतला. "भागूबाईचा हाय. त्या साली मंडळानं सांगितलं, पोरं घरी ठिवा, फोटोत वंगाळ दिसतं. तिची तान्ही घरी फणफणली. मंडळाकडं निरोप आला व्हता. पण मिरवणूक थांबंल म्हणून तिला कुणी सांगितलाच नाय. घरी गेली तवा लेकरू थंड."

 मी संतापानं तो कोट घासघासून धुतला, गच्चीवर टाकला. एप्रिलचं ऊन, बाकीचे कोट तासाभरात कडक झाले. याची फट चार वाजताही ओली. वास कोमट, गोडसर. तो वास मला ठाऊक होता. तीन महिने माझ्या ब्लाउजांना तोच यायचा.

कोट पाळण्याशेजारच्या खुंटीला अडकवून मी स्वयंपाकघरात गेले. मेघा रडत होती.

मग थांबली.

जाऊन पाहिलं. ती गाढ झोपली होती. हनुवटी ओली. गालावर हुकाचा वळ.

तीन दिवस असंच.

काटा दोनशे ग्रॅमनं वर गेला. "दूध पुरतंय आता," डॉक्टर म्हणाल्या. मी मान हलवली.

चौथ्या दिवशी राजकुमार भाऊजी आले.

"एकही कोट मिळणार नाही," मी म्हणाले.

"वहिनी, मंडळाची वस्तू हाय ती."

"निरोप दडवणाऱ्या मंडळाची?"

ते पाय आपटत गेले. अचानक माझा पदर भिजला. दूध! मला पुन्हा पान्हा फुटला होता. मी धावत आत गेले, मेघाला छातीशी धरलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं, परक्या बाईकडं पाहावं तसं. मग खुंटीकडं तोंड वळवलं, आणि हसली.