तीनशे बारा फोटो

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

आणि रात्रीची वाट पाहत बसू नका. यात रात्र नाही. जे घडलं ते दिवसाढवळ्या घडलं. सुरुवात झाली एका मंगळवारी, दुपारी साडेतीन वाजता, एका ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर. पांढरेफटक दिवे होते आणि तीस माणसं शेजारी शेजारी बसून काम करत होती.

त्यातली एक माझी चुलत बहीण. मी तिला ताई म्हणते.

ताई झाडं बनवते, कॉम्प्युटरवर. ॲनिमेशनच्या सिनेमात मागे जी जंगलं डोलताना दिसतात ना, ती अशी कुणीतरी पान न् पान लावून उभी केलेली असतात. घरात ती आणि काका, दोघंच. काकू जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून ताईचा सगळा जीव काकांत. ऑफिसातून दिवसाला चार फोन. "जेवलात? गोळी घेतली? खरं सांगा, घेतली?"

काकाही असे की घरात आहेत हे सांगावं लागत नसे. खोलीत शिरायच्या आधी खाकरणार. सपाता फटाक फटाक वाजवत चालणार. खालच्या मजल्यावरच्यांना त्यावरून घड्याळ लावता आलं असतं.

त्या वेळी ताईला सिनेमासाठी एक म्हातारं, जाड बुंध्याचं झाड हवं होतं. शहराबाहेर रस्त्याच्या कडेला तिला तसं सापडलं. रविवारी सकाळी ती काकांना गाडीत घालून तिकडे गेली. काका गाडीतच बसून राहिले, रेडिओ लावून. ताईने झाडाभोवती गोल फिरत फोटो काढले. जवळून, लांबून, वाकून, दगडावर चढून. चाळीस मिनिटांत तीनशे बारा फोटो.

हे फोटो दिले की कॉम्प्युटर त्यावरून अख्खं झाड उभं करतो, चारी बाजूंनी फिरवून बघता येईल असं. त्याचा नियम साधा आहे. जे जागचं हललं नाही, तेवढंच तो बनवतो. मध्येच कुणी चालत गेलं, कुत्रं आडवं आलं, तर तो ते सोडून देतो.

मंगळवारी साडेतीनला झाड तयार झालं.

ताईने ते हळूहळू फिरवलं. बुंधा छान आला होता. साल अगदी हात लावावा अशी. मग मागची बाजू समोर आली...

तिथे कुणीतरी उभं होतं.

एक हात बुंध्याला टेकवून. थोडं पोक काढून.

रंग सालीचाच होता. ताई आणखी जवळ गेली. कपाळावर आठ्या होत्या. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना, उंचवटा आलेला व्रण होता...

ते काका होते.

तिने तीनशे बारा फोटो एकेक करून पाहिले. एकाही फोटोत झाडाजवळ कुणी नव्हतं. चार-पाच फोटोंत लांबवर गाडी दिसत होती, आणि काचेमागे काकांचं डोकं.

तिने घरी फोन लावला.

"बाबा, रविवारी तुम्ही गाडीतून उतरला होतात?"

"छे गं. गाणी चांगली लागली होती. का?"

"काही नाही. गोळी घेतली?"

आता इथे ताईकडून एक चूक झाली. त्या धंद्यातल्या कुणाचीही होईल अशी. झाड दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. ती आकृती काढायची म्हणजे पंचाईत, कारण टेकवलेला हात सालीत पार मिसळून गेला होता. तो कापला की बुंध्याला भगदाड, आणि ते बुजवायला अर्धा दिवस. जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते कुणी दुरुस्त करत बसत नाही. तिने झाड असं वळवलं की ती बाजू कायम पाठीमागे राहील.

आणि खरं सांगायचं तर तिचा हात धजावलाही नाही. "बापाला कसं पुसायचं गं?" तिने मला नंतर विचारलं.

मग त्या एका झाडाचं जंगल झालं. चाळीस हजार झाडं. म्हणायला चाळीस हजार. कॉम्प्युटरमध्ये झाड एकच असतं. बाकीच्या जागांवर नुसतं लिहिलेलं असतं की इथे तेच दाखव, थोडं लहान, थोडं तिरकं. त्यामुळे मूळ झाडाला जे कराल, ते सगळ्यांना होतं.

तरी जंगल जड झालं. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात आणि इथे एकेका चित्राला चाळीस मिनिटं लागत होती. गुरुवारी ऑफिसातले सर तिच्या डोक्यावर येऊन उभे राहिले. "हलकं कर. आजच."

ताईने मूळ झाड हलकं केलं. असं करताना बारीकसारीक सगळं जातं. खाचा बुजतात, काटक्या एकमेकींना चिकटतात. लांबून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

शुक्रवारी सकाळी ती ओट्यापाशी चहा गाळत होती. घरात शांतता होती...

ती वळली. काका तिच्या अगदी मागे उभे होते.

खाकरणं नाही. सपातांचा आवाज नाही. सपाता तर पायात होत्या.

"बाबा! केवढ्यांदा दचकले मी!"

काका हसले. त्यांचा चेहरा कसा तुळतुळीत दिसत होता. आदल्याच संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी त्यांना चिडवलं होतं, "काय लावता हो तोंडाला? दहा वर्षांनी लहान झालात!"

त्यांनी कप उचलला. दोन्ही तळव्यांत धरून, लहान मूल धरतं तसा.

"असा काय धरलाय कप?"

"बोटं चिकटल्यासारखी वाटतायत. थंडीने असेल."

थंडी नव्हती.

ताईने त्यांचा उजवा हात हातात घेतला. मनगट गुळगुळीत होतं. व्रण... नव्हता.

ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने हलकं केलेलं झाड उघडलं आणि मागची बाजू फिरवली. आकृती तिथेच होती. आठ्या गेल्या होत्या. बोटं एकमेकांत मिसळून हाताचा नुसता पंजा झाला होता. मनगट गुळगुळीत.



तिने कुणाला काही न सांगता जुनं, जड झाड परत जागेवर बसवलं.

शनिवारी सकाळी तिला जाग आली ती आवाजाने. फटाक. फटाक. मग खाकरणं. "उठलीस का गं? चहाची पावडर कुठंय?" ताई उशीत तोंड खुपसून रडली.

आता तिला ठाऊक झालं होतं. त्या झाडाला कुणी हात लावला तर तो काकांना लागणार होता. ती डोळ्यांत तेल घालून बसली. जंगल पुढे सरकेना. सर रोज विचारायचे, ही रोज काहीतरी थाप मारायची.

बुधवारी काकांचे डोळे तपासायचे होते. ताईने अर्धी सुट्टी घेतली. दुपारी ती परत आली तर सर खुशीत.

"बघ, पळवलं की नाही तुझं जंगल! चाळीस मिनिटांचं चित्र दीड मिनिटात!"

"काय केलंत?"

"सपाट केली सगळी झाडं. एक चित्र घेतलं आणि पुठ्ठ्यासारखं चाळीस हजार ठिकाणी उभं केलं. कॅमेरा कुठूनही येऊ दे, चित्र त्याच्याकडे वळतं. कड कधी दिसतच नाही. आणि चित्र मी मागच्या बाजूने घेतलं. तिथे खोडाला ती गाठ आहे ना, फार सुंदर दिसते."

"आणि मूळ झाड?"

"ते कशाला हवंय आता? डिस्क भरली होती. काढून टाकलं."

तिने सगळीकडे शोधलं. कुठेच नव्हतं. तीनशे बारा फोटो तेवढे राहिले होते. तिने ते पुन्हा कॉम्प्युटरला दिले. बुंधा आला. साल आली. मागची बाजू फिरवली...

कोरी.

संध्याकाळी ती घरी आली. काका खुर्चीत बसले होते आणि दाराकडे बघत हसत होते. आठ्या होत्या, व्रण होता, बोटं सुटी होती. सगळं जिथल्या तिथे. ताईला हायसं वाटलं.

दोन दिवस वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं की सपाता पुन्हा वाजत नाहीत. काका खुर्चीतून उठताना दिसत नाहीत. ते खुर्चीत असतात, नाही तर दारात असतात, नाही तर खिडकीपाशी. मधलं काही दिसत नाही.

रविवारी ती त्यांना पुन्हा त्या झाडाकडे घेऊन गेली. "बाबा, इथे उभे राहा. हात असा टेकवा. अजिबात हलू नका." तिला वाटलं, पुन्हा फोटो काढू, पुन्हा झाड बनवू, पुन्हा काका त्यात येतील.

काका उभे राहिले. हलले नाहीत. इतके हलले नाहीत की तिलाच बघवेना. तिने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि गोल फिरत फोटो काढत राहिली.

सोमवारी झाड तयार झालं. त्यात काका नव्हते.

फोटोंत मात्र होते. प्रत्येक फोटोत. समोरून काढलेल्या, बाजूने काढलेल्या, पार मागे जाऊन काढलेल्या...

प्रत्येक फोटोत त्यांचं तोंड तिच्याकडे होतं.

यानंतरचं मी स्वतः पाहिलंय.

गेल्या महिन्यात ताईने मला बोलावून घेतलं. चेहरा पार उतरलेला. वरचं सगळं तिने मला जिन्यातच सांगितलं. मी तिला वेड्यात काढलं.

"बरं," ती म्हणाली. "बाबांची खुर्ची हॉलच्या मधोमध आहे. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहा, मी बाहेरच्या दारात. म्हणजे आपण समोरासमोर, आणि बाबा मध्ये. मी तीन म्हटलं की बघ."

आम्ही तशा उभ्या राहिलो. एक. दोन. तीन.

"काय खेळ चाललाय दोघींचा?" काका हसून म्हणाले.

आम्ही जिन्यात आलो. ताईने दार ओढून घेतलं.

"तोंड कुणाकडे होतं?" तिने विचारलं.

"माझ्याकडे," मी म्हणाले. "माझ्याकडे बघूनच तर हसले."

ताई पायरीवर बसली.

"माझ्याकडे होतं," ती म्हणाली.

आतून काकांनी हाक मारली. "अगं, चहा करताय ना?" अगदी नेहमीच्या आवाजात.

ताईने पदराने डोळे पुसले आणि उठली. "बाबाच आहेत ते," म्हणाली, आणि एकटीच आत गेली.

मी गेले नाही. फोन करते अधूनमधून. ती म्हणते, ये ना, बाबा आठवण काढतात. मी हो म्हणते.