साळूबाईचं बाळ, मुक्काम गुंजवणे

कापूरहोळच्या फाट्यावर कुणाच्या तरी भाताचं तूस माझ्या तोंडावर उडालं आणि माझी सकाळ तिथंच नासली.

पुढे एक टेम्पो चालला होता. मागचं पोतं फाटलेलं, आणि त्यातून तुसाचा फवारा थेट माझ्यावर. केसांत, ओढणीत, डोळ्यांत... मी स्कूटी दामटली, टेम्पोपुढे आडवी घातली आणि ओरडले, "ओ! डोळे घरी ठेवून निघालाय का?"

खिडकीतून एक मुंडकं बाहेर आलं. "माझे हाईत की जागेवर. तुमच्या डोळ्यात काय गेलं?"

"तुमची अख्खी गिरणी गेलीय!"

तो उतरला. पाण्याची बाटली पुढे केली. "धुवा. चोळू नका, लई झोंबंल." मी डोळे धुतले, पुसले, आणि बघते तर त्यानं गळ्यातला मफलर काढून पोत्याचं तोंड आवळून बांधलं होतं. डिसेंबरचा महिना, सकाळचे साडेआठ, अंगावर साधा शर्ट.

"थंडी वाजंल की तुम्हाला," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे... मी तर भांडायला थांबले होते.

"वाजू दे," तो म्हणाला आणि हसला. पुढचा एक दात किंचित तिरका. दिवसभर कॉम्प्युटरवर मला तो तिरका दात दिसत राहिला, त्याला मी काय करू?

त्याचं नाव सार्थक. घर गुंजवण्याला, भाताची गिरणी विंझरला. भोरच्या दुकानदारांना तांदूळ पोचवायला आठवड्यातून दोनदा यायचा. मी भेटल्यावर दोनाचे तीनदा झाले, आणि संक्रांतीपर्यंत भोरच्या एसटी स्टँडमागच्या सलीमचाचांच्या टपरीवर आमचा चहा ठरूनच गेला.

"तुम्ही करता काय नेमकं?" त्यानं एकदा विचारलं.

"आकडे देते. डॉक्टर आजाराचं नाव लिहितात, मी त्याला नंबर लावते. म्हंजे कोणता आजार किती जणांना झाला, ते मोजता येतं."

"मग मलाबी एक नंबर लावा की."

"तुम्हाला काय झालंय?"

"झालं न्हाई अजून..." त्यानं कप फिरवला. "पर होईल असं वाटाया लागलंय."

माझे कान तापले. मी आपली कामाची गोष्ट पुढे रेटली. "नंतर झालेल्याला वेगळं अक्षर असतं. माझ्याकडं फक्त क्यू येतो. क्यू म्हंजे जन्मापासूनचं. त्यातही पोटाचं. कुणा बाळाची अन्ननलिका मध्येच संपलेली, कुणाचं आतडं जोडलेलंच नाही. क्यू अडतीस ते पंचेचाळीस, एवढं माझं."

तो चहा तसाच ठेवून उठला आणि टेम्पोत काय तरी राहिलंय म्हणाला. मला वाटलं, बाई गं, प्रेमाच्या गोष्टीत आतडी काढली मी. शहाणी कुठली!

एक गोष्ट मात्र मला खुपायची. तो माझ्यासमोर कधीच काही खायचा नाही. वडापाव नको, भजी नको, मिसळीचं तर नावच नको. फक्त चहा, तोही अर्धा. आणि साडेचार झाले की कितीही गोड गप्पा चालू असल्या तरी निघायचाच.

माझ्या आत्याला, सुलक्षणाआत्याला, ते कळलं. आई लवकर गेली माझी, आत्यानंच वाढवलं. ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्साचा, स्वतःची गिरणी, आन् अजून लगीन न्हाई? पोराला काय तरी हाय बघ. तू दवाखान्याच्याच फायली बघतीस न्हवं? मग बघ की त्याची."

"आत्या, तसं करायचं नसतं."

"करायचं नसतं म्हणून कुणी करत न्हाई व्हय?"

भोरच्या आमच्या ऑफिसात पुण्याच्या एका लहान मुलांच्या दवाखान्याच्या जुन्या फायली येतात, जशाच्या तशा, नावगावासकट. ऑफिसच्या मुख्य शाहीन मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "समोर येईल तीच फाईल उघडायची. नाव टाकून शोधायचं नाही. ओळखीचं कुणी असेल तर मुळीच नाही."

फेब्रुवारीत एका दुपारी मॅडम जेवायला गेल्या आणि मी नाव टाकलं. काही आलं नाही. हायसं वाटलं मला, खरंच. तिथं थांबायला हवं होतं. पण माझ्या हाताला माझंच काम पाठ... जन्मलेल्या बाळाला कुठलं आलंय नाव? ते आईच्या नावावर असतं. त्याच्या आईचं नाव मला ठाऊक होतं. मी टाकलं : साळूबाई, गुंजवणे.

साळूबाईचं बाळ. मुलगा. क्यू बेचाळीस पॉइंट तीन. जन्मतः गुदद्वार नाही.

सात पानं मी उभ्याउभ्या वाचली. दुसऱ्या दिवशी पोटावर वाट काढली, पिशवी लावली. दहाव्या महिन्यात खाली नवी जागा केली. पावणेदोन वर्षांचा असताना पिशवी काढून पोट शिवलं. पथ्य पाळावं लागेल, वेळ पाळावी लागेल, असं शेवटच्या पानावर.

असल्या शेकडो फायलींना मी नंबर दिलेत, एकही दुसऱ्यांदा वाचली नव्हती. ही वाचली. आणि आता जे सांगतेय ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला त्याची दया नाही आली. मला भीती वाटली. चार दिवस मी त्याचा फोन उचलला नाही. आत्याला म्हटलं, काही सापडलं नाही. तेवढी तरी अक्कल उरली होती. पण त्याच दमात म्हटलं, "ते शिरवळचं स्थळ म्हणत होतीस ना... बघू की." एवढं बोलले मी. या तोंडानं.

पाचव्या दिवशी तो टपरीवर उभा होता, सलीमचाचांच्या नातीला कडेवर घेऊन. तिनं त्याचा कान पिरगाळला होता आणि तो मोठ्यानं ओरडत होता, "मेलो, मेलो!" शिरवळचं स्थळ तिथंच संपलं. घरी जाऊन आत्याला सांगून टाकलं, नको म्हणून.

पण फायलीचं त्याला सांगितलं नाही. उलट मी फार चांगली वागायला लागले. डब्यात मऊ भात न्यायचे, तूप घातलेला. वडापावचा आग्रह बंद. साडेचार वाजायच्या आधी मीच म्हणायचे, "निघा आता." केवढी समजूतदार! मनात सारखं टोचायचं, आणि त्या टोचण्यावर मी अजून थोडं तूप घालायचे.

मार्चच्या सुरुवातीला एका रविवारी तो मला बाईकवरून गुंजवणी धरणावर घेऊन गेला. पाणी खाली गेलेलं, वर राजगड. एका दगडावर बसलो आम्ही. तो माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होता. तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, त्याच्याकडून तरी.

"नूतन, एक सांगायचंय. आधी सगळं ऐक. मग हो म्हण... न्हाई म्हण... काय म्हणायचं ते म्हण."

"सांगा ना."

त्यानं घसा खाकरला. कानशिलं लाल झाली होती. "म्या जन्मलो तवा मला... म्हंजे संडासची जागाच नव्हती. बंद होती. पोटाला पिशवी लावलेली. मग दोन ऑपरेशनं झाली आन्—"

"तीन," मी म्हटलं.

आमच्या कामात एखादं ऑपरेशन मोजायचं राहिलं की मॅडम लाल रेघ मारतात. दोन वर्षांची सवय. जीभ पुढे धावली.

"तीन?" त्यानं मान वळवली.

"पिशवीचं पहिलं... दुसऱ्या दिवशीचं... ते तुम्ही धरलं नाही..." आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"फाईल होती."

"आपसूक आली तुझ्यापुढं?"

खोटं बोलता आलं असतं. अगदी सहज. "नाही," मी म्हटलं. "मी शोधली."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

तो हळूच म्हणाला, "म्हणून मऊ भात व्हय?"

धरणी दुभंगून पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं झालं मला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला विंझरच्या स्टँडवर सोडलं, एसटी येईपर्यंत थांबला, आणि "नीट जा" म्हणून गेला. रागावलेला माणूस 'नीट जा' म्हणतो तेव्हा किती लागतं!

दुसऱ्या दिवशी मी शाहीन मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "नूतन, मी तुला आत्ता घरी पाठवू शकते, माहितीय?"

"हो, मॅडम."

"आजपासून तुझं लॉगिन बंद. दोन महिने फायलींना पान नंबर घालायचे, बाहेरच्या टेबलावर." त्या कागद आवरायला लागल्या, मग थांबल्या. "आणि मला सांगून काय उपयोग गं? ज्याची फाईल होती, त्याला तोंड दाखव."

बुधवारी अर्धा दिवस रजा टाकून मी विंझरला गेले. गिरणी चालू होती, नुसता धुरळा. कोंडिबा नावाचे एक म्हातारे पोतं घेऊन रांगेत होते, त्यांच्यामागे मी उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा सार्थकनं वर न बघताच विचारलं, "काय आणलंय?"

"काही नाही."

त्यानं बघितलं. पट्टा उतरवला, मोटार बंद केली. "आबा, जरा बसा," म्हणाला, आणि आम्ही मागच्या पडवीत गेलो.

"मला लाज वाटते," मी म्हटलं. वाटेत बरंच जुळवलं होतं, एवढंच बाहेर आलं. "लई लाज वाटते, सार्थक."

तो खांबाला टेकला. "वाचलंस त्याचा राग न्हाई एवढा. पर मला सांगायचं होतं गं. आजवर कुणाला सांगितलं न्हाई. पैल्यांदा स्वतःच्या तोंडानं कुणाला तरी सांगणार होतो. आठ दिस टेम्पोत एकटाच बोलून बघत होतो. आन् तू... ते काढून घेतलंस माझ्याकडनं."

मी रडायला लागले. पुसलं, परत आलं. "मग आता सांगा."

"आता काय सांगू? समदं वाचलंस की."

"सात पानं वाचली मी. अठ्ठावीस वर्षं नाही वाचली."

तो खालीच बसला, मीही बसले. आणि त्यानं सांगितलं. चौथीपर्यंत शाळेत दोन चड्ड्या घालून जायचा. साळूबाई रोज शाळेमागच्या आंब्याखाली बसायची, पदराखाली धुतलेले कपडे घेऊन. लोकांना सांगायची, सरपण गोळा करायला आले. एकदा कबड्डी खेळताना पोरं हसली, त्यानंतर तो कधी खेळला नाही. कॉलेजात एक मुलगी आवडली होती, तिला काही न सांगताच त्यानं कॉलेज बदललं. मी मधे एक अक्षर बोलले नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हाही नाही, फक्त जवळ सरकले.

"आता तू," तो म्हणाला. "माझं झालं. तुझं सांग."

मला कळलं तो काय विचारतोय. "वाचल्यावर मी... चार दिवस तुमचा फोन उचलला नाही. तुम्हाला सोडायचा विचार केला. शिरवळच्या स्थळाला बघू म्हटलं." एका श्वासात बोलले आणि खाली बघत राहिले.

"चारच दिस?"

मी मान वर केली.

"म्या पंधरा धरले होते," तो म्हणाला. तिरका दात दिसला, जरासाच. "म्हटलं, सांगितल्यावर पंधरा दिस तरी तोंड दाखवायची न्हाई ही."

"आणि पंधरा दिवसांनी पण आले नसते तर?"

"तर सोळाव्या दिशी टेम्पो घेऊन किकवीला तुझ्या घरी आलो असतो. नेमकं काय बोललो असतो ते मात्र ठावं न्हाई."

आम्ही दोघं हसलो, ओल्या तोंडानं. मग मला घर आठवलं. "आत्याला काय सांगू?"

"तू काय सांगू नगंस." त्यानं माझा हात धरला, पहिल्यांदाच. "म्या येतो. म्याच सांगणार."

रविवारी तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून. आमच्या ओसरीवर माझे वडील, आत्या आणि तो. मी दाराशी उभी. त्यानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, न अडखळता. वडिलांनी विचारलं, "आता तब्येत बरी हाय न्हवं?" तो म्हणाला, "बरी हाय. पथ्य पाळतो." वडील म्हणाले, "मग च्या घ्या, गार व्हतोय."

आत्या मात्र माझ्याकडे वळली. "नूतन, तुला ठावं होतं हे?"

ज्या आत्यानं मला फाईल बघायला सांगितली, तीच विचारत होती. तिचं नाव घेता आलं असतं. नाही घेतलं. "हो. त्यांनी सांगायच्या आधीच. मी चोरून वाचलं होतं, आत्या."

आत्याची मान खाली गेली. वडील काही न कळून सगळ्यांकडे बघत राहिले. तोंड कुठं लपवू असं झालं मला.

सार्थकनं बशी खाली ठेवली. "मामा," तो वडिलांना म्हणाला, "पोरीत तेवढा एक दोष हाय. पर जन्मापासूनचा न्हाई, नंतरचा हाय. जाईल."