ब्रेकवरचा पाय

आधीच सांगतो, ही कुठे वाचलेली गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मावसभाऊ. आजही आहे, धडधाकट आहे, आणि हा विषय निघाला की भरल्या ताटावरून उठून जातो. त्यामुळे त्याला विचारायची सोय नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे.

ही भर दुपारची आहे.

दादाचं गॅरेज दुकानांच्या एका रांगेत अगदी टोकाला आहे. दोन गाड्या कशाबशा मावतील एवढंच. मागे भिंत, पुढे शटर. आत यायला दुसरी वाट नाही. दादा फक्त ब्रेकची कामं करतो. घरात सगळे त्याला चिडवतात, "जग पुढे जातंय आणि हा त्याला थांबवत बसलाय."

त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे एका दाताच्या डॉक्टरांची गाडी आली. आठवडाभर लोकांच्या तोंडात हात घालायचे आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन गाडी पिटाळायची, असा त्यांचा शौक. गाडी छोटी, जुनी, नुकतीच कुणाकडून तरी घेतलेली. पुढच्या चाकांना उघड्या चकतीचे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. ट्रॅकवर प्रत्येक वळणाआधी कचकचून ब्रेक दाबावा लागतो. ड्रम म्हणजे झाकण लावलेला डबा. आतली उष्णता आतच कोंडते, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. डॉक्टरांना मागेही डिस्क हव्या होत्या.

दादाने त्यांना समजावलं, की नुसती चाकं खोलून भागत नाही. हँडब्रेकची केबल बदलावी लागते, पाइप बदलावे लागतात, आणि मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा जास्त लागले तर गाडी वळणावर भोवऱ्यासारखी फिरते. डॉक्टर म्हणाले, जे लागेल ते करा.

दादाने गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली. मागचं चाक काढलं.

ड्रम निघेना.

जुना ड्रम गंजून बसतो, त्यात नवल नाही. त्याने हातोडीने चहूबाजूंनी ठोकलं. तेल सोडलं. पुन्हा ठोकलं.

आणि मग आतून आवाज आला...

मचक... मचक...

तोंड मिटून कुणी चावतंय, तसा.

दादा थांबला. आवाजही थांबला. त्याला वाटलं, स्प्रिंग तुटून आत हलतेय. त्याने दोन बोल्ट पिळून ड्रम ओढून काढला. तो निघताना खणकन् वाजायला हवा होता.

वाजला नाही. चिखलातून पाय उपसावा तसा सुटला.

ड्रममध्ये काय असतं? कोरडी काळी धूळ. फुंकर मारली तर उडेल अशी. इथे सगळं ओलं होतं. राखाडी, बुळबुळीत, जाडसर थर. बोट लावलं तर तार निघाली. वीतभर लांब झाली, तरी तुटली नाही.

दादाला वाटलं, ब्रेक ऑइल गळतंय. जिथून ऑइल गळू शकतं ते रबर त्याने उचलून पाहिलं. आतून खडखडीत कोरडं. गाडीतली ऑइलची बाटली काठोकाठ भरलेली.

मग त्याने लायनरला, ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांना, हात लावला...

लायनर कोमट होते. गाडी कित्येक दिवस जागची हलली नव्हती.

आणि तो वास. उंदीर मेल्याचा नव्हे, गटाराचाही नव्हे. गोडसर, आंबूस, कोंडलेला. नाकातून थेट घशात उतरणारा. दादा बाहेर रस्त्यावर जाऊन ओकला. वीस वर्षं त्या धंद्यात आहे. काम करताना ओकायची ती पहिली वेळ.

दुसरं चाक खोललं. तिथेही तेच.

त्याने सगळं पेट्रोलने धुतलं, दोन्ही ड्रम बाहेर भंगाराच्या ढिगावर फेकले आणि घरी गेला. साबण लावून, मग वॉशिंग पावडर लावून हात घासले. जेवायला बसला.

वहिनीने पोळी वाढली आणि तिचा हात तसाच थांबला.

ती म्हणाली, "काय खाल्लंत?"

"काही नाही. का?"

"वास येतोय." तिने ओढणी नाकाला लावली. "हाताचा नाही. तोंडाचा. आणि... तुमच्या तोंडाचा नाही."

दादा हसला. ती हसली नाही. सोळा वर्षांचा संसार, ग्रीस आणि ऑइलच्या वासाला तिने कधी नाक मुरडलं नव्हतं. त्या दिवशी ती ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

दादाने दात घासले. पुन्हा घासले. हिरड्यांतून रक्त आलं तरी घासत राहिला. आरशासमोर तोंडावर ओंजळ धरून स्वतःचा श्वास हुंगत बसला. त्याला काहीच कळेना. पण घास तोंडात घातला की ती तार आठवायची आणि तो घास थुंकून टाकायचा. पुढचे काही दिवस तो नुसत्या चहावर होता. वहिनी चार दिवस बहिणीकडे जाऊन येते म्हणाली आणि गेली. भांडण नाही, काही नाही. जाताना त्याच्याकडे बघायचंसुद्धा तिने टाळलं. ते दादाला फार लागलं.

डिस्क बसल्या. त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर बसले. राहिलं होतं फक्त ब्रेकच्या पाइपांतली हवा काढणं.

त्या कामाला दोन माणसं लागतात. एक आत बसून ब्रेक दाबतो, दुसरा मागच्या चाकापाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, उघडतो. चाकापाशी बसलेला म्हणतो, "धर." आतला पाय दाबून ठेवतो आणि म्हणतो, "धरलं." मग निपल उघडायचं, हवेचे बुडबुडे आणि ऑइल नळीतून बाटलीत येतं, निपल बंद करायचं आणि म्हणायचं, "सोड."

रविवार होता. सगळी दुकानं बंद, रस्ता सामसूम. शेजारचा पंक्चरवाला तेवढा उघडा होता. दादाने त्याला हाक मारली, जरा ब्रेक दाबायला ये. तो तिकडून ओरडला, आलोच.

दादा चाकापाशी जाऊन बसला. नळी लावली. थोड्या वेळाने गाडी किंचित खचली. कुणी आत बसलं की खचते तशी.

दादाने वर न बघता म्हटलं, "दाब. दाब. हं, धर."

"धरलं."

आवाज घोगरा होता. तोंडात काहीतरी भरलेलं असताना माणूस बोलतो, तसा. दादाला वाटलं, हा जेवता जेवता उठून आलाय.

त्याने निपल उघडलं. भरलेलं ऑइल नवीन सीलबंद डब्यातलं होतं, पाण्यासारखं स्वच्छ.

नळीतून आलं ते राखाडी होतं...

घट्ट. धाग्यांचं. बाटलीत पडताना त्याला फेस येत होता, थुंकीला येतो तसा. मधूनमधून पिवळट गाठी घरंगळत होत्या. दादाने श्वास रोखला. निपल बंद केलं.

"सोड."

गाडीच्या आतून लाळ गिळल्याचा आवाज आला.

आणि त्याच वेळी शटरखालून वाकून पंक्चरवाला आत आला. टॉवेलला हात पुसत म्हणाला, "चल, कुठे बसू?"

पंक्चरवाल्याने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग गाडीच्या काचेतून आत बघितलं.

आत कुणी नव्हतं.

ब्रेकच्या पेडलवर मात्र एक राखाडी तार लोंबत होती. पेडल हळूहळू वर येत होतं, आणि ती ताणली जात होती...

पंक्चरवाला उलट्या पावली बाहेर गेला. त्याने कानाला खडा लावला. आजही तो त्या शटरच्या आत पाय ठेवत नाही. चहासुद्धा बाहेर उभा राहून पितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. दादाने सगळं सांगितलं आणि बाटली पुढे केली. डॉक्टरांनी झाकण काढून वास घेतला. ते मागे सरले नाहीत. रोजच्या ओळखीचं काहीतरी हुंगावं तसे शांतपणे उभे राहिले.

"हा वास मला माहीत आहे," ते म्हणाले. "दाढ सडलेली असते, आत पू झालेला असतो, आणि माणूस कितीतरी दिवस तोंडच उघडत नाही. मग उघडलं की हा वास येतो."

दादाने विचारलं, "मेलेल्या माणसाचा?"

"नाही. मेलेल्याचा वेगळा असतो." त्यांनी झाकण घट्ट लावलं. "हा जिवंत तोंडाचा आहे."

ज्याच्याकडून गाडी घेतली होती, त्याला त्यांनी तिथूनच फोन लावला. मागे डिस्क बसवून घेतोय, एवढंच म्हणाले. पलीकडच्याने विचारलं, "ड्रम उघडले का?" आणि फोन ठेवून दिला. पुन्हा उचलला नाही.

एवढं होऊनही डॉक्टर गाडी घेऊन गेले. कुणीतरी घाणेरडी चेष्टा केलीय, असं म्हणाले. शौक माणसाला आंधळा करतो, दुसरं काय? दादाने ऑइल परत बदललं, हवा एकट्याने, उसना आणलेला पंप लावून काढली. त्या खेपेला ऑइल स्वच्छ आलं. दादानेही स्वतःची समजूत घातली.

ट्रॅकवरून डॉक्टरांचा फोन आला. ब्रेक अप्रतिम लागत होते, म्हणाले. गाडी जागच्या जागी उभी राहत होती.

पण दर वेळी ब्रेक दाबला की मानेवर, हेल्मेटच्या आत, मागून काहीतरी ओलं उडत होतं. त्यांना वाटलं घाम. दोन फेऱ्या मारून ते उतरले, हेल्मेट काढलं, मान पुसली आणि हात नाकाशी नेला.

गाडी तिथून परस्पर भंगारात गेली. चुरा होताना डॉक्टर स्वतः उभे होते. पुढे त्यांनी ट्रॅकचं नाव काढलं नाही.

वास गेला. वहिनी परत आली. दादा जेवायला लागला. संसार रुळावर आला.

मग एका दुपारी दुसरी एक गाडी आली. साधी, कुणा शिक्षिकेची, तिचा त्या गाडीशी काडीचा संबंध नाही. ब्रेकची हवा काढायची होती आणि पंक्चरवाला येत नव्हता. वहिनी डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, मी बसते, त्यात काय एवढं?

दादा मागे बसला. "दाब. दाब. धर."

"धरलं."

निपल उघडलं. स्वच्छ ऑइल आलं. त्याने निपल बंद केलं.

"सोड."

पेडल सुटल्याचा आवाज आला नाही.

"अगं, सोड."

"काय सोडू?" वहिनी आतून म्हणाली.

दादा उठून पुढे गेला. वहिनी सीटवर दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसली होती.

पेडल पार तळाला टेकलेलं होतं.

"खाली ओलं लागलं," ती म्हणाली. "मघाशीच पाय वर घेतले मी."

"मग धरलं म्हणालीस ते?"

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. तिचा हात आपोआप नाकाकडे गेला.

"ते तुम्ही म्हणालात ना?"

दादाने तिला हाताला धरून ओढून बाहेर काढलं. डबा तिथेच राहिला. दोघं रस्त्यावर उन्हात उभी राहिली, संध्याकाळी शेजारची मंडळी दुकानं उघडायला येईपर्यंत.

गॅरेज अजून चालू आहे. पोट कुणाला सुटलंय? हवा आता तो पंपानेच काढतो, एकटा, शटर पूर्ण वर करून.

सख्खा मावसभाऊ असूनही मी माझी गाडी दुसरीकडे नेतो. तिथेही ब्रेकचं काम निघालं की बाहेर उभा राहतो. आतून कुणी "धरलं" म्हणालं, की वाकून बघतो आणि आत माणसं किती आहेत ते मोजतो.