वेलीच्या पायी सुपारी

‘वेलीच्या गं पायी, ठेविते मी सुपारी,
उद्या सकाळच्या पारी, येशील का माझ्या घरी?’

कुसुमकाकूचा हा आवाज मी सात वर्षांची असताना ऐकलेला. कोलकात्याजवळ बजबजला रघुनाथकाकांच्या घरामागे कुंपणावर एक कडू वेल होती. कुणाला ताप आला की काकू आदल्या संध्याकाळी तिला असं आमंत्रण द्यायची, वेल पान हलवून हो म्हणेपर्यंत थांबायची आणि मगच सकाळी तोडायची. न विचारता तोडलेलं पान गुण देत नाही, म्हणायची.

मी रसायनशास्त्रात गेले. त्याच वेलीच्या पानांतला एक रेणू आमच्या जादवपूरच्या प्रयोगशाळेत काळाआजाराचे परजीवी मारत होता. पानं रघुनाथकाका पाठवायचे, रीतीप्रमाणे विचारून. पण टोपलीभर पानांतून निघायचा मिठाच्या कणाएवढा. पुढच्या चाचण्यांसाठी एकतर तो आम्ही फ्लास्कमध्ये घडवायचा, नाहीतर अख्खी वेल मुळासकट काढायची. वेल ती एकच. कलमं जगत नव्हती. आणि काकू गेल्यापासून अकरा वर्षं काका सकाळचा चहा त्या वेलीशेजारी बसून पितात.

मी सहा वेळा घडवला. स्पेक्ट्रम पानातल्या रेणूशी रेषेला रेष जुळायचा, प्रकाश वळवण्याचा कोनही तोच. परजीवी मात्र मजेत पोहत राहायचे.

“तुझा रेणू एकदम भद्रलोक आहे, जान्हवीदी,” नूपुर म्हणाली. चाचण्यांचं काम तिचं. इथेच वाढलेली, तिच्या मराठीला बंगाली चाल. “कोणाला मारतच नाही!”

सातवी खेप शेवटची. ती फसली की वेल काढायला माणसं जाणार होती. त्या संध्याकाळी फ्लास्कच्या तळाशी पांढरे स्फटिक धरले. नूपुर चहाला गेली होती. माझ्या पर्समध्ये कुणाच्याशा मुंजीतली सुपारी पडून होती. ती फ्लास्कपाशी ठेवली आणि, स्वतःचंच हसू येत असताना, ओवी म्हटली.

पंखा बंद होता. स्फटिकांचा थर काचेवरून केसभर सरकला.

विद्रावक उडताना होतं असं. वहीत तसं लिहिलंही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नूपुर धावत आली. “सगळे मेले! आज मिष्टी तू खिलवणार!”

उरलेली खेप ठेवायला मी फ्रीज उघडला. आत काहीतरी बारीक गुणगुणत होतं. कॉम्प्रेसर असणार. दार लावलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळीच बजबजला गेले. काकांनी मोहरीचं तेल, कांदा, मिरची घालून मुढी, म्हणजे मुरमुरे, कालवली. वेलीला कळ्या आल्या होत्या. फ्लास्कपाशी ठेवलेल्या सुपारीसकट मी सगळं सांगितलं. काका खूप हसले, मग डोळे पुसले.

“वाचली म्हणजे.”

“वाचली.”

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तूच विचारलंस ना? तिनं नाही ना उलट विचारलं?”

“म्हणजे?”

त्यांनी कप खाली ठेवला. “जायच्या आदल्या संध्याकाळी कुसुम इथून हसत आत आली. म्हणाली, आज वेलीनंच मला बोलावलंय. धडधाकट होती गं. कुणालाच सांगितलं नाही मी.”

वारा नव्हता. कुंपणावर एकच पान हलत होतं.

“शेंगदाणे घे,” काका म्हणाले.

मी घेतले. ऊन कोवळं होतं, मुढी कुरकुरीत होती, आणि मला तिथं फार बरं वाटत होतं. उगाच बरं वाटत होतं.

“काका,” मी म्हटलं, “फ्रीजमधून ओवी आली होती. दुसरी ओळ, ‘येशील का माझ्या घरी?’ काकूच्या आवाजात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मी हो म्हटलं.”