दुसरी थाप

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

सभागृहात उभं राहून, माइकसमोर, पापणीही न हलवता. ‘ड्रायव्हरने घाई केली. रस्ता तपासायच्या आधीच गाडी हाणली.’

तो ड्रायव्हर माझा धाकटा भाऊ. अतिरेक्यांनी रस्त्यात पुरलेला सुरुंग फुटला आणि गाडीतल्या सगळ्या जवानांबरोबर तोही गेला. वर दोष त्याच्याच माथी.

वाचणाऱ्यांनो, पुढचं खरं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. हे भरदुपारी घडलं, सुरक्षा दलाच्या गाड्या दुरुस्त होतात त्या शेडमध्ये. मी तिथे ताडपत्र्या आणि सीटा शिवते.

जवानांच्या गाडीच्या मागच्या फाळक्यावर हवालदार थाप मारतात. पहिली थाप, म्हणजे माणसं बसली. दुसरी, म्हणजे रस्ता मोकळा, निघ. दुसरी पडेपर्यंत माझा भाऊ गिअरला हात लावत नसे. शेडमधले चेष्टा करायचे, ‘याच्या लग्नात पाठीवर दोनदा थापटा रे, नाहीतर हा जागचा हलायचा नाही.’

त्या सकाळी त्याचा फोन आला होता.

‘ताई, मंत्रीसाहेबांचा दौरा आहे. वरून फोनवर फोन येतायत, लवकर निघा म्हणून. हवालदार ऐकत नाहीत. आधी रस्ता तपासू म्हणतात.’

‘मग तू गप बसून राहा.’

‘बसलोच आहे.’

तेच शेवटचं.

गाडी शेडमध्ये आली तेव्हा तिला इंजिन नव्हतं. फाळका उडून गेला होता. पुढे निवडणूक लागली आणि साहेबांचा माणूस आला. गाडी सभेला हवी होती, स्टेजशेजारी.

‘ताडपत्री बदलू नका, बाई. भोकं नीट दिसली पाहिजेत. फक्त खालून मखमलीची झालर लावा.’

लावली. तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालला नसता.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी एकटीच गाडीत बसून झालर टाचत होते. घरी तरी कोण होतं वाट बघायला...

आणि मागून...

थाप.

पत्र्यावर, उघड्या तळव्याची. एकच.

वळून पाहिलं. कोणी नाही.

मग लक्षात आलं... मागे फाळकाच नाही. थाप पडली कशावर?

कान देऊन बसले. दुसरी आली नाही. पण पुढे केबिनमध्ये... बोटं वाजत होती. स्टिअरिंगवर, हळूहळू. वाट बघताना तो वाजवायचा तशी.

‘छोट्या?’

बोटं थांबली.

फोरमनकाका हात पुसत आले. ‘कोणाशी बोलतेस गं?’

‘काका, तुम्ही थाप मारलीत?’

त्यांचा चेहरा उतरला.

‘तुलाही आली? रोज येते. एकच. मी आता इकडे जेवायला बसत नाही.’

सभेच्या दिवशी काकांनी स्वतः चाकांना लाकडी ठोकळे लावले. आम्ही दोघं गाडीजवळच उभे होतो. साहेब, तुम्ही म्हणालात, ‘या वीरांचं रक्त वाया जाणार नाही,’ आणि गाडीच्या पत्र्यावर हात आपटलात.

एकदाच.

गाडी हलली...

इंजिन नसलेली गाडी. ठोकळे ढकलत वीतभर पुढे सरकली आणि थांबली. लोक म्हणाले, उतार असेल. तो चौक ताटासारखा सपाट आहे. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. आणि तुम्ही हात मागे घेतलात, भाजल्यासारखा. मी पाहिलंय.

गाडी शेडमध्ये परत आली. आता थाप येत नाही. बोटंही वाजत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी मुद्दाम आत जाऊन बसते. ‘आहेस का रे?’ म्हणते.

काहीच नाही...

आधी भीती थापेची वाटायची. आता या शांततेची वाटते.

साहेब, माझा भाऊ दुसऱ्या थापेशिवाय हलत नसे. मेल्यावरही वाट बघत थांबला होता. मग तुमच्या हाताने कसा निघाला? त्या सकाळी दुसरी थाप कोणाच्या सांगण्यावरून पडली?

उत्तर द्या. मी शेडमध्येच आहे.